कार्पसाठी रॉड किती ताकदीचा हवा?

गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्या माणसानं पहिला चांगला रॉड घ्यायचं ठरवलं की दुकानात त्याच्यासमोर हमखास एकच माल येतो. बारा फुटी, दोन तुकड्यांचा, काळा कुळकुळीत कार्बनचा रॉड आणि त्याच्या बुडाशी छापलेलं ‘३.५ पौंड’. मोठ्या माशाला हाच लागतो, असं दुकानदार सांगतो. घेणाऱ्यालाही ते पटतं, कारण त्याच्या मनात कटला असतो आणि तोही मोठा. माझं म्हणणं असं की या आकड्याचा माशाच्या वजनाशी फार थोडा संबंध आहे. रॉड किती ताकदीचा घ्यायचा, हे आपण किती वजन फेकणार आणि किती लांब फेकणार यावरून ठरतं. तो किती मऊ असावा, हे माशाच्या तोंडावरून ठरतं. माशाचं वजन या दोन्हींनंतर येतं. हा क्रम उलटा झाल्यामुळे आपल्याकडे कितीतरी लोक चुकीचा रॉड हातात घेऊन बसलेले दिसतात आणि गळाला लागलेला मासा काठाशी येऊन सुटला की नशिबाला दोष देतात.

हा पौंडाचा आकडा आला कुठून, ते आधी पाहू. १९५० च्या आसपास इंग्लंडमध्ये मोठा कार्प गळानं धरता येत नाही, अशीच बहुतेकांची समजूत होती. मिळणारे रॉड दोन टोकांचे होते. एक तर सॅमनसाठी केलेले ताठ आणि जड, नाहीतर छोट्या माशांसाठीचे नाजूक. रिचर्ड वॉकर हा पेशानं इंजिनिअर होता. त्यानं या दोन्हींच्या मधला रॉड स्वतः हिशेब मांडून तयार केला आणि सुधारत सुधारत ‘मार्क फोर’पर्यंत आणला. तो दहा फुटांचा होता, बांबूच्या सहा पट्ट्या तासून, चिकटवून षट्कोनी केलेला. १९५१ मध्ये हेरफर्डशरमधल्या रेडमायर तळ्यात बॉब रिचर्ड्‌सला ३१ पौंडांचा कार्प मिळाला होता. त्याच तळ्यात १३ सप्टेंबर १९५२ रोजी वॉकरनं ४४ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ २० किलोंचा कार्प काढला. तो मासा जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला, ‘क्लॅरिसा’ या नावानं प्रसिद्ध झाला आणि पुढे कित्येक वर्षं तिथल्या मत्स्यालयात राहिला. हा विक्रम मोडला १९८० मध्ये, त्याच तळ्यात, ख्रिस येट्सच्या साडेएक्कावन्न पौंडांच्या माशानं.

आता मार्क फोर किती ताकदीचा होता? दीड पौंड. आज दुकानदार ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणून बाजूला ठेवेल इतका.

त्या पौंडाचा अर्थ साधा आहे. रॉडचं बूड घट्ट धरून टोकाला दोरी बांधून ओढायचं. टोक बुडाशी काटकोनात वळलं की त्या क्षणी दोरीवर जितका ताण असेल, तितकी त्या रॉडची ‘टेस्ट कर्व्ह’. दीड पौंड म्हणजे ६८० ग्रॅम. साडेतीन पौंड म्हणजे जवळपास १ किलो ६०० ग्रॅम. लढाईत रॉड चांगला वाकलेला असतो तेव्हा माशाला जाणवणारी ओढ साधारण याच घरातली असते. रॉडचं टोक माशाकडे झुकवलं की जाड बुडाचा भाग कामाला लागतो आणि ओढ वाढवता येते. तरीही ती माशाच्या वजनाच्या जवळपास कुठेही जात नाही, आणि जायची गरजही नसते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, त्यामुळे पाण्यात त्याचं वजन जवळजवळ नाहीसं होतं. आपण वीस किलो उचलत नसतो. आपण एका पोहणाऱ्या जनावराला सतत थोडा थोडा अडथळा करत असतो आणि तो दमेपर्यंत रीळचा ड्रॅग त्याला हवी तेवढी दोरी देत असतो. सातशे ग्रॅमांहून कमी ताणात काटकोनात वळणाऱ्या बांबूच्या रॉडनं वीस किलोंचा मासा काठावर आला, त्यामागचं कारण एवढंच.

वॉकरनं दोन अंदाजही घालून दिले आणि ते अजून कामाचे आहेत. टेस्ट कर्व्हच्या पौंडांना पाचनं गुणलं की त्या रॉडला शोभणारी दोरीची ताकद मिळते. आणि दर पौंडामागे एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, हे त्या रॉडनं आरामात फेकता येणारं वजन. म्हणजे अडीच पौंडांच्या रॉडला बारा-तेरा पौंडांची दोरी आणि सत्तर ग्रॅमांचं शिसं. साडेतीन पौंडांच्या रॉडला शंभर ग्रॅमांच्या आसपास. कार्बनच्या रॉडला यात थोडी मुभा असते, पण पाया हाच. यातला दुसरा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फेकताना रॉड वाकतो आणि सरळ होताना वजन पुढे भिरकावतो. ताठ रॉडला हलकं शिसं लावलं तर तो वाकतच नाही. मग माणूस खांद्याची ताकद लावतो, शिसं पाण्यात आपटतं आणि तरीही जवळच पडतं. मऊ रॉडला जड शिसं लावलं तर तो दुमडतो आणि मोडण्याची भीती असते.

मग साडेतीन पौंड आले कशामुळे? त्याचं उत्तर लंडनभोवतीच्या खड्ड्यांत आहे. बांधकामासाठी आणि रस्त्यांसाठी खडी-वाळू काढून झाल्यावर ते खड्डे पाण्यानं भरले आणि त्यांची मोठाली तळी झाली. मासा काठापासून दूर, गळ टाकणाऱ्यांची गर्दी, त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे फेकणं ही गरज झाली. त्याच सुमारास लेन मिडल्टन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी ‘हेअर रिग’ शोधली. आमिष गळावर न टोचता बाजूला बारीक धाग्यावर लोंबत ठेवायचं. मासा आमिष ओढून घेतो, गळ टोचतो, तो दचकून पळतो आणि जड शिशाच्या धक्क्यानं गळ आपोआप रुततो. हे साधायचं तर शिसं तीन-चार औंसांचं हवं. तेवढं शिसं लांब फेकायचं तर रॉड बारा-तेरा फुटांचा आणि तीन ते साडेतीन पौंडांचा हवा. या ताकदीचा बांबूचा रॉड हातात पेलवला नसता. पण फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात १९६० च्या दशकात तयार झालेला कार्बन तंतू पुढच्या दशकात रॉडमध्ये उतरला होता. शिवाय तिकडे रॉड दिवसभर हातात धरत नाहीत. तो स्टँडवर ठेवलेला असतो, दोरीवर बीप वाजणारा अलार्म असतो आणि माणूस तंबूत बसलेला असतो. म्हणजे साडेतीन पौंडांचा रॉड हे लांब फेकण्याचं अवजार आहे. ते त्या पाण्यासाठी घडलं आणि त्या पाण्यावर चोख काम करतं.

आपल्याकडे तोच रॉड तसाच्या तसा आला, पण पाणीही वेगळं आणि मासाही वेगळा.

माशापासून सुरुवात करतो. इंग्लंडमध्ये कार्प म्हणतात तो आपल्याकडचा सायप्रिनस. तो इथला नव्हे. त्याची आरशासारख्या मोठ्या खवल्यांची जात १९३९ मध्ये निलगिरीत आणली गेली आणि बँकॉकहून आलेली जात १९५७ मध्ये. पुढे मत्स्यशेतीबरोबर तो तळ्यातळ्यांत पोचला. सायप्रिनसचे ओठ चामड्यासारखे चिवट असतात, तोंड नळीसारखं पुढे येतं, त्यात गळ एकदा बसला की सहसा निघत नाही. इंग्रजी रॉडची सगळी ओढ या ओठांच्या भरवशावर बेतलेली आहे. आपले मोठे कार्प म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात चरतो. त्याचं तोंड रुंद आणि वर वळलेलं असतं, आणि तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. म्हणूनच आपल्याकडे त्याच्यासाठी पेंड आणि पिठाचा विरघळणारा गोळा वापरतात. गोळा विरतो, त्याचा ढग होतो, कटला तो ढग ओढून घेतो आणि त्याबरोबर लहानसा गळ आत जातो. हा गळ बहुधा ओठाच्या पातळ पडद्यात बसतो. रोहू मधल्या थरातला, खालच्या ओठाला झालर असलेला आणि पळायला जोरदार. मृगळ तळाशी चरतो, त्याचं तोंड लहान आणि नाजूक. या तिघांच्याही तोंडात गळाची पकड सायप्रिनसइतकी भरवशाची नसते.

ताठ रॉडचं नुकसान इथे दिसतं. मासा लांब असताना काही बिघडत नाही, कारण पन्नास मीटर नायलॉनची दोरी ताणली जाते आणि झटके स्वतःत जिरवते. मासा काठाशी आला की पाण्यात दोरी उरते चार-पाच मीटर. तिला ताण घ्यायला जागा नसते. नेमक्या याच वेळी जाळी दिसते आणि मासा शेवटचं डोकं झटकतो. आता झटका झेलायला फक्त रॉड उरलेला असतो. तो मधल्या भागापर्यंत वाकणारा असेल तर टोक खाली जातं, परत येतं आणि गळ जागेवर राहतो. तो टोकाशीच थोडा वाकून पुढे लोखंडी सळईसारखा ताठ असेल तर पडदा फाटतो. गळ मोकळा होऊन वर उडतो, त्याच्यावर पापुद्र्याएवढा कातडीचा तुकडा असतो. गवत्याच्या, म्हणजे ग्रास कार्पच्या, बाबतीत हे आणखी ठळक होतं. तो काठापर्यंत मुकाट येतो आणि जाळी पाहताच उसळतो. वेणीची, म्हणजे ब्रेडची दोरी वापरणाऱ्यांनी तर हे जास्तच ध्यानात ठेवायला हवं. ती जवळजवळ ताणलीच जात नाही, त्यामुळे लांबवरही सगळा झटका रॉडवरच येतो. रॉड ताठ आणि दोरी वेणीची, ही जोडी कटल्यासाठी मला अजिबात मान्य नाही.

एका गोळ्याभोवती पाच-सहा गळ लावायची जी पद्धत आपल्याकडे रुळली आहे, तीही मला पसंत नाही. एक गळ तोंडात आणि बाकीचे डोळ्यात, कल्ल्यात अडकतात. असा मासा सोडून दिला तरी जगेलच याचा भरवसा नसतो. एक किंवा फार तर दोन गळ पुरतात, आणि मऊ रॉड असेल तर ते टिकतातही.

पाण्याचा विचार त्यानंतर. पानशेत-मुळशीसारख्या डोंगरातल्या धरणांना बऱ्याच जागी काठापासून काही पावलांवरच खोली मिळते. तिथे लांब फेकून मासा मिळतो असं नाही, उलट त्याच्या पलीकडे जाण्याचा धोका. उजनीसारखा पसरट जलाशय वेगळा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ दूर सरकतो, गाळ उघडा पडतो आणि उथळ पाणी ओलांडून फेकावं लागतं. तरीही चाळीस-पन्नास मीटर गेलं की बहुतेक काम होतं. मुंबईच्या पवई तलावात महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या सभासदांना ठरलेल्या जागांवरून गळ टाकता येतो. तिथे अंतराची नाही, जलपर्णीची अडचण आहे. मासा लागला की तो त्यात शिरू पाहतो आणि त्याला वळवायला रॉडच्या बुडात थोडा दम लागतो. पूर्वीची झाडं बुडालेल्या धरणांतही तसंच.

आपलं फेकायचं वजन किती, हे मात्र फार कमी लोक मोजतात. शिसं चाळीस ग्रॅमांचं म्हणून माणूस निश्चिंत असतो, पण त्याच्याबरोबर पेंडीचा गोळाही उडणार असतो आणि ओला गोळा शिशाहून जड भरू शकतो. पेंड, कोंडा, फुटाण्याचं पीठ नेहमीसारखं मळून, स्प्रिंगवर नेहमीएवढा गोळा बांधून, शिशासकट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहावं. जो आकडा येईल त्याला २८ नं भागलं की हवी ती टेस्ट कर्व्ह पौंडांत मिळते. सत्तर ग्रॅम भरले तर अडीच पौंड. दुकानात जाण्याआधी करायची हीच एक गोष्ट आहे, आणि ती केली की निम्मा गोंधळ संपतो.

या सगळ्यावरून माझं मत असं बनलं आहे. महाराष्ट्रातल्या तलाव-धरणांवर कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस धरणाऱ्यानं एकच रॉड घ्यायचा असेल तर तो दहा ते बारा फुटांचा, सव्वादोन ते अडीच पौंडांचा आणि मधल्या भागापर्यंत हळूहळू वाकत जाणारा घ्यावा. जलपर्णी किंवा बुडालेली झाडं असतील तर पावणेतीन पौंडांपर्यंत जावं. फ्लोट लावून वरच्या थरात कटल्यासाठी बसणाऱ्याला दोन पौंडही पुरतात आणि हातात जी मजा येते ती वेगळीच. तीनच्या वर जायचं ते सत्तर-ऐंशी मीटर आणि शंभर ग्रॅम हे दोन्ही खरोखर लागत असतील तेव्हाच. पाच पौंडांच्या आसपासचे रॉडही बाजारात दिसतात. ते लांबवर चारा फेकण्यासाठीचे आहेत, मासा खेळवण्यासाठीचे नाहीत.

लांबीबद्दल एवढंच, की बारा फुटांना फेक जास्त मिळते आणि फ्लोटची दोरी पाण्यावरून उचलायला सोपं जातं. पण काठावर बाभळी-करंजाच्या फांद्या वर आलेल्या असतील किंवा मोटारसायकलवरून जायचं असेल तर दहा फूट सोयीचे. तेरा फुटी रॉड आपल्याला लागत नाही.

साहित्याचा प्रश्न आता फारसा उरलेला नाही. बांबूबद्दल मात्र एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पट्ट्या चिकटवून रॉड करणारे जुने इंग्लिश आणि अमेरिकन कारागीर चीनचा टोंकिन बांबू मिळेपर्यंत कलकत्त्याहून जाणारा भरीव बांबू वापरत. तो आपल्या जंगलातल्या मानवेलीचाच. आज फायबरग्लासचा रॉड जड पण दणकट, मऊ आणि स्वस्त असतो. पोराच्या हातात द्यायला किंवा दगडधोंड्यांत वापरायला तो चांगला. कार्बन हलका आणि चपळ, पण आपटलं की त्याला न दिसणारी चीर जाते आणि पुढे कधीतरी तो तिथेच मोडतो. दोन्ही मिसळून केलेला रॉड मधल्या किमतीत मिळतो आणि आपल्या कामाला तो मला सगळ्यात बरा वाटतो. वरून दिसणाऱ्या विणकामाच्या नक्षीसाठी जास्त पैसे देऊ नयेत.

एकात एक सरकणारे टेलिस्कोपिक रॉड आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतात. एसटीनं आणि लोकलनं प्रवास करणाऱ्याला त्यांचा मोह पडणं स्वाभाविक आहे. त्यांच्या कड्या प्रत्येक तुकड्याच्या टोकालाच बसवता येतात, त्यामुळे दोरी रॉडच्या वळणाबरोबर नीट वळत नाही. सांध्यात वाळू गेली की ते अडकतात, आणि मासा लागलेला असताना एखादा तुकडा फिरला की कड्या एका रेषेत राहत नाहीत. पहिल्या वर्षी शिकायला ठीक आहे. दुसरा रॉड मात्र दोन किंवा तीन तुकड्यांचाच असावा.

दुकानात रॉड हवेत हलवून काही कळत नाही. रीळ लावून दोरी सगळ्या कड्यांतून ओवायला सांगावं. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे साधारण सव्वादोन पौंड. बूड आडवं, टेबलावर पक्कं धरून ती बाटली दोरीला हळूच लटकवावी. टोक जवळजवळ सरळ खाली वळलं तर रॉड सव्वादोनाच्या घरातला आहे, वर काहीही छापलेलं असो. टोक निम्मंसुद्धा वळलं नाही तर तो आपल्यासाठी नाही. वळण कुठून सुरू होतं आणि ते एकसारखं आहे की कुठे कोपरा पडतो, हेही त्याच वेळी दिसतं. दोरी कड्यांच्या मधे रॉडला घासत असेल तर कड्या कमी आहेत. मग सांधा जोडून रॉड हलवावा, टकटक जाणवली तर तो ठेवून द्यावा. आतून खिळीसारखा बसणारा सांधा असेल तर दोन तुकड्यांच्या मधे पाच-सात मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते, तो दोष नव्हे. जुना रॉड विकत घेताना कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. कडीला बारीक तडा असेल तर कापसाचा तंतू त्यात अडकतो, आणि ज्यात कापूस अडकतो त्यात दोरी कापली जाते. पैसे वाचवायचे असतील तर रॉडवर वाचवावेत आणि रीळवर घालावेत. मऊ ड्रॅग असलेलं रीळ साध्या रॉडलाही सांभाळून घेतं, पण अडकत सुटणाऱ्या ड्रॅगपुढे महाग रॉडचं काही चालत नाही.

कार्बनच्या रॉडबद्दल एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. कार्बन विजेचा वाहक आहे. बारा फुटी रॉड खांद्यावर उभा धरून शेतातल्या खाली लोंबणाऱ्या तारांखालून जाणं जिवावर बेततं. तारेला स्पर्श व्हायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी वीज उडी मारते. धरणाच्या काठाला मोटारपंपांसाठी ओढलेल्या तारा जागोजाग असतात. तिथून जाताना रॉड तुकडे सोडवून, आडवा धरून न्यावा आणि तारांच्या आसपास गळ टाकायला बसूच नये. वळवाचे ढग गडगडू लागले की रॉड जमिनीवर आडवा ठेवून त्याच्यापासून लांब जावं, मासा लागलेला असला तरी. पुढे पावसाळ्यात हेच कार्प अंडी घालायला प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं वर चढतात, त्या दिवसांत त्यांच्या वाटेत गळ टाकू नये. आणि बहुतेक जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानं असतात. त्यांची परवानगी रॉड घेण्याआधीच विचारून घ्यावी, कारण कुठल्या पाण्यावर बसायला मिळणार हे कळलं की किती पौंडांचा रॉड हवा तेही कळतं.